कोण कुणासाठी थांबलंय?

‘डिस्क स्लो आहे’ हे वाक्य डेटाबेस सांभाळणाऱ्याला कायम ऐकावं लागतं. बोलणाऱ्याने बहुतेक वेळा डिस्कचे आकडे दाखवणारं आयओस्टॅट चालवलेलं असतं, ‘युटिल’च्या रकान्यात 100 दिसलेले असतात आणि तिथेच निकाल लागलेला असतो. मी त्या रकान्यावर फारसा भरवसा ठेवत नाही. डिस्ककडे निदान एक तरी मागणी पडून होती, अशा वेळेची ती टक्केवारी. फिरणाऱ्या एकट्या डिस्कच्या बाबतीत तिला अर्थ होता, कारण तिचं डोकं एका वेळी एकाच जागी असतं. एसएसडी किंवा रेड कितीतरी मागण्या एकदम हाताळते. 100 टक्के दाखवत असतानाही तिच्यात भरपूर दम शिल्लक असू शकतो.

मी तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघते: सेकंदाला किती मागण्या आल्या, प्रत्येकीला किती वेळ लागला आणि रांग किती लांब होती. हे तिन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. 1961 मध्ये जॉन लिटल यांनी ते गणिताने सिद्ध केलं. सेकंदाला 400 मागण्या आणि प्रत्येकीला 20 मिलिसेकंद, म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी 8 मागण्या अडकलेल्या. माझ्या दृष्टीने सगळं निदान एका प्रश्नावर उभं आहे: वेळ वाढला तेव्हा मागण्या वाढल्या होत्या की घटल्या होत्या?

वाढल्या असतील तर डिस्क बिचारी राबते आहे, तिच्यावर काम लादणारा दुसराच कुणीतरी आहे. मग मी डिस्क सोडून डेटाबेसमध्ये शिरते. पोस्टग्रेसमध्ये कोण कशासाठी थांबलंय ते सरळ विचारता येतं. एकच क्वेरी दहा-बारा सेशनमध्ये ‘डेटाफाइलरीड’वर अडकलेली दिसली की पुढचा अंदाज सहसा बरोबर निघतो. टेबल वाढलेलं असतं, त्याची आकडेवारी जुनीच राहिलेली असते आणि प्लॅनर इंडेक्स सोडून अख्खं टेबल वाचायला बसलेला असतो. ॲनालाइझ चालवलं की बऱ्याचदा काम भागतं. अशा वेळी महागड्या डिस्कची मागणी वर पाठवली जाताना दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. पैसा खर्च होतो, दुखणं तसंच राहतं.

मागण्या घटल्या आणि तरी वेळ वाढला, तर मात्र खरंच खाली बघायचं.

एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर रात्री व्याज जमा करण्याचं काम चालायचं. एका रात्री ते इतकं लांबलं की सकाळी शाखा उघडल्या तरी संपेना. वाचनाचा वेळ नेहमीसारखाच होता. लिखाणाचा मात्र अर्ध्या मिलिसेकंदावरून आठच्या पुढे गेला होता आणि कमिटचा दर सेकंदाला 120 च्या वर चढतच नव्हता. तो 120 बघितला आणि कोडं सुटलं. त्या डिस्का मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला 8.33 मिलिसेकंद. एकामागून एक कमिट होत असतील आणि प्रत्येक कमिटला लॉगची नोंद थेट तबकडीवर उतरेपर्यंत थांबावं लागत असेल, तर एका फेऱ्यात एकच. एरवी ती नोंद रेड कंट्रोलरच्या कॅशमध्ये उतरली की ‘झालं’ असं उत्तर मिळतं, कारण वीज गेली तरी कॅश जपायला बॅटरी असते. त्या रात्री कंट्रोलरने बॅटरीची क्षमता तपासायला घेतली होती. त्यासाठी ती पूर्ण उतरवून पुन्हा चार्ज करावी लागते आणि तेवढा काळ कंट्रोलर लिखाणासाठी कॅशवर विसंबत नाही. पाच लाख खाती, प्रत्येक खात्यामागे एक कमिट: नुसत्या फेऱ्यांतच तासाहून जास्त वेळ.

बॅटरी नसतानाही कॅश चालू ठेवण्याची सोय कंट्रोलरमध्ये असते आणि ती वापरावी असं तेव्हा सुचवलं गेलं. मी ठाम नकार दिला. खातेदाराला व्याज जमा झाल्याचं सांगायचं आणि वीज गेल्यावर ती नोंदच नाहीशी व्हायची, हे मला मान्य नाही. त्या रात्री कंट्रोलर वागला ते योग्यच होतं. आम्ही बॅटरीची तपासणी रविवार दुपारवर नेली आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पाचशे-पाचशे खात्यांमागे एक कमिट करायला लावलं.

सरासरीबद्दलही बोललं पाहिजे, कारण तिच्यामुळे फार दिशाभूल होते. हजार मागण्यांपैकी 990 अर्ध्या मिलिसेकंदात उरकल्या आणि 10 मागण्यांना अर्धा अर्धा सेकंद लागला, तर सरासरी साडेपाच मिलिसेकंद येते. अहवालात हा आकडा बरा दिसतो. पण ज्या व्यवहाराला शंभर वाचनं लागतात, त्याच्या वाटेत अशी एक तरी खोळंबलेली मागणी येण्याची शक्यता 63 टक्के असते. काउंटरवर ताटकळणाऱ्या माणसाच्या वाट्याला सरासरी येत नाही, ती अर्ध्या सेकंदाची मागणी येते. म्हणून वेळेचं वाटप बघावं लागतं: किती मागण्या कुठल्या पट्ट्यात पडल्या ते. 2008 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ब्रेंडन ग्रेग डिस्कांच्या रॅकजवळ जाऊन जोरात ओरडले, तेव्हा त्या आवाजाच्या कंपनाने काही मागण्या रेंगाळल्या आणि वेळेच्या आलेखावर त्या वर उडालेल्या स्पष्ट दिसल्या. त्याचा व्हिडिओ मी नव्या मुलांना आवर्जून दाखवते. डिस्क ही शेवटी हलणारी वस्तू आहे हे एसएसडीवर वाढलेल्या पिढीला त्यातून पटकन कळतं.

एसएसडी आणि क्लाउडने हे काम संपवलेलं नाही, फक्त बॅटरीच्या जागी दुसरं काहीतरी आलं. ॲमेझॉनच्या जुन्या जीपी-2 डिस्कला दर जीबीमागे सेकंदाला 3 मागण्यांचा हक्क असतो आणि वरची झेप साठवलेल्या क्रेडिटवर चालते. 100 जीबीची डिस्क काही वेळ सेकंदाला 3000 मागण्या घेते आणि क्रेडिट आटलं की 300 वर येते. चाचणीत सगळं सुरळीत, महिनाअखेरीच्या बॅचला मात्र अर्ध्या तासाने दम लागतो. तिथेही विचारायचं तेच: मागण्या घटल्या का, आणि घटून एका ठरावीक आकड्यावर सपाट झाल्या का? 120 असो वा 300, सपाट रेघ दिसली की तिच्यामागे कुणाची तरी मर्यादा असते आणि ती शोधून काढता येते.

त्यासाठी चांगल्या दिवसांच्या नोंदी हाताशी हव्यात. असे आकडे साठवणाऱ्या ‘सार’ची नोंद बहुतेक ठिकाणी दर दहा मिनिटांनी होते. दहा मिनिटांच्या सरासरीत वीस सेकंदांचा खोळंबा पार विरघळून जातो. नवीन सर्व्हर ताब्यात आला की मी आधी ते अंतर एका मिनिटावर आणते आणि महिनाअखेर धरून निदान दोन महिन्यांच्या नोंदी राहतील एवढी जागा मागून घेते.