उत्तर संपादकाने द्यायचे असते

सोनगीर, जि. धुळे

चि. भाऊस,


कॉलेजच्या संशोधन-पत्रिकेचे संपादकपद तुझ्याकडे आल्याचे वहिनींनी सांगितले. फार आनंद झाला. लेख दोन तज्ज्ञांकडे पाठवायचे, होकार आला की छापायचे. मग संपादकाला काम काय उरते, असे तू विचारतोस. भाऊ, खरे काम तिथेच आहे. तज्ज्ञ सल्ला देतात, उत्तर संपादकाने द्यायचे असते.

१९३६ मध्ये आइन्स्टाइनने 'फिजिकल रिव्ह्यू'कडे गुरुत्वलहरींवर लेख पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला. आइन्स्टाइन रागावला, त्याने लेख मागे घेतला. पण परीक्षकाने दाखवलेली चूक खरी होती. दुसरीकडे छापण्याआधी त्याला निष्कर्ष बदलावा लागला. एवढ्या मोठ्या नावापुढेही टेट यांनी रीत मोडली नाही.

आपल्याकडचे उदाहरण गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबींचे. एवढा थोर बुद्धीचा माणूस. पण रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे गणितातल्या एका न सुटलेल्या कोड्याची, सिद्धता सापडल्याचा त्यांचा दावा १९५९ मध्ये भारतीय कृषी-सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. ती सिद्धता टिकली नाही आणि गणितज्ञांमधल्या त्यांच्या नावाला धक्का बसला. असा लेख हाती आला, तर 'हा आमचा प्रांत नाही' असे संपादकाने स्पष्ट सांगावे. त्यात लेखकाचेही हित असते.

आता तर व्यवहारच वाढला आहे. प्रमोशनच्या फाईलला लेख लागतात, म्हणून लेख छापणारेही उगवतात. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका झटक्यात काढली. परदेशातही तेच: २०२३ मध्ये वायली या प्रकाशनसंस्थेला आपल्या हिंदावी शाखेचे आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले. त्यांतले बरेचसे विशेषांकांतले होते. विशेषांक पाहुण्या संपादकांच्या हाती दिले आणि परीक्षणात खोटेपणा शिरला. २०२५ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची नंतरची 'केअर' यादीही बंद केल्याचे जाहीर केले. यादीकडे बोट दाखवायची सोय संपली. पारख आता आपल्यालाच करायची आहे.

म्हणून काही गोष्टी पाळ. लेखकाने सुचवलेला परीक्षक तसाच घेऊ नकोस. तो खरा आहे का, लेखकाचा गाइड किंवा सहलेखक तर नाही ना, हे स्वतः पाहा. दोन अभिप्राय उलटसुलट आले तर बेरीज-वजाबाकी करू नकोस, लेख पुन्हा वाच, लागला तर तिसरा परीक्षक शोध. नकार दिलास तर कारणे लिहून दे. खेड्यातल्या नवख्या संशोधकाला तेवढेच शिक्षण मिळते. प्राचार्यांचा लेख आला तरी वाट तीच. छापल्यावर चूक निघाली तर पुढच्या अंकात ठळकपणे दुरुस्ती दे.

आणि मूळ पुरावा माग. आपल्या धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले ते अस्सल कागद वाचकापुढे ठेवण्यासाठी. आकडे असोत की दस्तऐवज, मागितल्यावर जो दाखवत नाही त्याचा लेख थांबव.

प्रत्येक लेखाची टिपणवही ठेव: परीक्षक कोण, तेच का, निर्णय कशावरून. पाच वर्षांनी कोणी विचारले तर ज्या लेखाबद्दल हे सांगता येणार नाही, तो लेख छापू नकोस.

तुझा,
नाना