चार अणूंचे कडे

पेनिसिलिनला आम्ही देवाची देणगी मानत आलो. पण त्याचा वैरी किती जुना, हे वाचून चरकलो. ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायावर पेनिसिलिनचा पहिला उपचार झाला फेब्रुवारी १९४१ मध्ये. ते निकामी करणारे जिवाणूंतील विकर अब्राहम व चेन यांनी डिसेंबर १९४० मध्येच जाहीर केले होते! औषधाच्या रेणूतले चार अणूंचे कडे हे बीटा-लॅक्टमेझ फोडते.

पुढे मातीतल्या एका जिवाणूपासून क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल लाभले. ते विकराला बिलगून स्वतः मोडते व त्यालाही निकामी करते. (हे वाचताना कोणाचे स्मरण झाले, ते आमच्या वाचकांस सांगणे नलगे.) १९८१ पासून ते अमॉक्सिसिलिनच्या जोडीने मिळते. मात्र जस्ताच्या बळावर चालणाऱ्या एनडीएम विकरापुढे त्याचे काही चालत नाही. आणि आमच्या आळीत साध्या पडशालाही याच गोळ्या, त्याही दोनच, आणल्या जातात.