नावावर कोणाच्या?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात (2023 पर्यंतचा उस्मानाबाद) घरातलं मोठं माणूस गेलं की तेरावं होतं न होतं तोच प्रश्न निघतो, "नावावर काय काय आहे?" मग सातबारा काढायचा, गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद करायची, फेरफार पडला की मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित करायचा. संगणकातही हाच कारभार चालतो, हे मला सत्तरीनंतर कळलं.

गेल्या वर्षी आमचे थोरले बंधू अण्णा गेले. त्यांच्या लिनक्सच्या संगणकात घराण्यातली जुनी पत्रं आहेत, त्यांनी स्वतः एकेक टाईप केलेली. पुतण्याने त्यावर मला वेगळं खातं काढून दिलं. पत्रं वाचता येत होती, पण कोण कोणाचं कोण हे मध्ये लिहायला गेलो की पाटी यायची, 'परमिशन डिनाइड'.

तर मंडळी, युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक फाईलीला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सगळे 'इतर'. वाचणे, लिहिणे, चालवणे या परवानग्या तिघांना वेगवेगळ्या. 'एलएस -एल' अशी आज्ञा दिली की फाईलींचा सातबाराच समोर येतो. मालक बदलायची आज्ञा 'चओन', म्हणजे चेंज ओनर. पण साध्या वापरकर्त्याला स्वतःची फाईलसुद्धा परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्याला 'रूट' हा बडा अधिकारीच लागतो. आणि फाईल पुसता येणं हे सहसा तिच्या मालकीवर नाही, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिथे लिहायची परवानगी असण्यावर ठरतं. सामान कोणाचंही असो, घराची किल्ली कोणाकडे ते महत्त्वाचं!

पुतण्या म्हणाला, "काका, सगळं तुमच्या नावावर करतो आणि अण्णांचं खातं काढून टाकतो."

तेव्हा आणखी एक गोष्ट समजली. फाईलीवर मालकाचं नाव नसतंच, असतो नुसता आकडा. कोणता आकडा कोणाचा, ते दुसऱ्या यादीत लिहिलेलं. खातं काढलं की नावाच्या जागी आकडाच दिसतो. पुढे तोच आकडा नव्या माणसाला मिळाला, तर जुन्या फाईली आपोआप त्याच्या! हजेरीपटासारखंच हे. यंदाचा सतरा नंबर पुढच्या वर्षी दुसऱ्याच मुलाचा.

मी म्हटलं, थांब. मग आम्ही 'घर' नावाचा गट केला. त्यात वहिनी, पुतण्या आणि मी. पत्रं त्या गटाला जोडली, गटाला लिहायची परवानगी दिली. मालकाच्या रकान्यात अण्णाच राहिले.

जमिनीत नाव कमी केल्याशिवाय वारसांचं काम पुढे सरकत नाही. इथे सरकलं. पत्रं त्यांनी जमवली, त्यांनी उतरवली. आम्ही फक्त नाती लिहितोय.

असो. तुमच्या घरातल्या संगणकात कोणाच्या नावावर काय आहे, एकदा बघून ठेवा. माणसं आहेत तोवरच.