नजरेचा दाखला

माझ्या हाताखाली नऊ वर्षे टेस्टिंग करीत असलेल्या एका मुलीने ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्याचा निश्चय केला आणि तिच्या अनुभवाचा दाखला लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले, तेव्हापासून आमच्या व्यवसायातील एक जुनी अडचण मला नव्याने छळू लागली आहे. प्रोग्रामरने लिहिलेली प्रणाली उघडून दाखविता येते. टेस्टरने जे घडू दिले नाही, ते कोणत्या शब्दांत दाखवावे?

संगणक व्यावसायिकाला तेथील कौशल्याधारित व्हिसा मागण्यापूर्वी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीकडून आपल्या कौशल्याचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. व्यवसायसूचीत सॉफ्टवेअर टेस्टरचा क्रमांक 261314 आहे, क्वालिटी अ‍ॅश्युरन्स इंजिनिअरचा 263211 आणि सिस्टीम्स टेस्ट इंजिनिअरचा 263213. यांपैकी अर्जदार कोणत्या सदरात बसतो, हे त्याच्या हुद्द्यापेक्षा दाखल्यात नमूद केलेल्या कामाच्या तपशिलावरून ठरते. आपल्याकडील बहुतेक मोठ्या कंपन्यांचे एचआर खाते मात्र रुजू झाल्याची तारीख आणि हुद्दा यांपलीकडे एक अक्षर लिहून देत नाही. सबब वरिष्ठाने स्वतःच्या नावे प्रतिज्ञापत्र करून, नोटरीसमोर सही करून तो तपशील पुरवावा, असा रिवाज पडला आहे.

मसुदा लिहावयास बसलो की लेखणीतून आपोआप उतरते ते असे: टेस्ट केसेस तयार करणे, त्या चालविणे, डिफेक्ट नोंदविणे, रिग्रेशन पार पाडणे. यांतील एक अक्षरही खोटे नाही, आणि हेच वर्णन मी ज्यांच्या हाती कोणतीही महत्त्वाची प्रणाली विश्वासाने सोपविली नसती अशा माणसांनाही तंतोतंत लागू पडते. व्हिसाचे सल्लागार असा मजकूर तयार ठेवतात, नाव आणि तारखा बदलून तो दहा अर्जदारांना पुरवितात, व्यवसायसूचीतील वाक्येच्या वाक्ये त्यात उचललेली असतात, आणि नक्कल आढळली की सोसायटी अर्ज फेटाळते तेव्हा भोगावे लागते ते अर्जदाराला. या धंद्याविषयी मला मनस्वी तिटकारा आहे. ज्याच्या उपजीविकेचा पायाच एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीशी ताळा घेणे हा आहे, त्या टेस्टरने आपल्या आयुष्याची कैफियत न वाचता सही करून पाठवावी, ही अधोगती मला साध्या आळसाहून फार गंभीर वाटते.

मग तिच्याविषयी काय लिहावे? तिच्या तिसऱ्या वर्षातील एक गोष्ट मला राहून राहून आठवते. आयुर्विम्याच्या एका प्रणालीत तिने 29 फेब्रुवारी 1984 ही जन्मतारीख आणि 28 फेब्रुवारी 2019 ही पॉलिसीची तारीख घातली. येथवर कोणताही जाणता टेस्टर गेलाच असता. स्क्रीनवर वय आले 35. केस ‘पास’ झाली. परंतु तिने कोणी सांगितले नसताना छापील पॉलिसीची प्रत काढून स्क्रीनशेजारी धरली, आणि तीवर वय होते 34. स्क्रीन एका चमूची, छपाई दुसऱ्या चमूची, आणि दोघांच्याही केसेस आपापल्या जागी निर्दोष. डिफेक्टमध्ये तिने लिहिले होते, “दोहोंपैकी कोणते वय चुकीचे आहे हे मला ठाऊक नाही, दोन्ही बरोबर असू शकत नाहीत.” प्रोग्रामरने ‘रचनेप्रमाणेच आहे’ असा शेरा मारून तो बंद केला, तिने पुन्हा उघडला, अखेर विमागणिती मंडळींना वयाचा नियमच लेखी ठरवावा लागला. त्या कागदाकडे वळलेली तिची नजर ‘डिफेक्ट नोंदविणे’ या दोन शब्दांत कोठे आहे?

नियमांनी ही अडचण आणखी बिकट केली. तिची पदवी यंत्र अभियांत्रिकीची, म्हणून तिला पूर्वानुभवाच्या मान्यतेचा मार्ग घ्यावा लागला. त्यात दोन प्रकल्पांचे अहवाल द्यावयाचे, एक गेल्या तीन वर्षांतील, दुसरा गेल्या पाच वर्षांतील. आणि संगणकाच्या पदवीऐवजी अनुभवाची पहिली सहा वर्षे वजा होतात. व्हिसाच्या हिशेबात परदेशातील आठ वर्षांच्या अनुभवाला 15 गुण आहेत, तीन वर्षांच्या अनुभवाला 5. तिच्याजवळ उरली तीनच. शिवाय वयाची 33 वर्षे पूर्ण होताच वयाचे 30 गुण 25 वर येतात, त्यामुळे सवडीने विचार करण्यासही मुदत नव्हती. विम्याची ती गोष्ट वजा झालेल्या वर्षांतली. ती कोणत्याच अहवालात बसेना.

या वजाबाकीने मला वाईट वाटले, हे सांगणे सोपे आहे. परंतु त्याआधी क्षणभर अभिमान वाटला, हेही सांगितले पाहिजे. माझ्या टेबलाशेजारी गेलेली तिची सहा वर्षे एका परदेशी संस्थेने पदवीच्या तोलाची मानली, या कल्पनेने मी सुखावलो, आणि ज्या हिशेबाने माझा गौरव होत होता त्याच हिशेबाने तिचे 10 गुण जात होते. पहिल्या मसुद्यात हा अभिमान जागोजाग पाझरला होता: ‘सूक्ष्म दृष्टी’, ‘असामान्य चिकाटी’, ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’. तिने तो वाचून समासात प्रत्येक विशेषणापुढे एकच प्रश्न लिहिला, “पुरावा?”, आणि अतिशय संकोचाने म्हणाली, “सर, हे कुणाच्याही दाखल्यात खपेल.” मी तिला शिकविलेले सारे त्या एका शब्दात होते, आणि मला इतका आनंद पूर्वी क्वचितच झाला असेल.

विशेषणे गेली. विम्याची गोष्ट मात्र मी ग्राहक कंपनीचे नाव गाळून, दोन्ही तारखा, दोन्ही वये आणि बंद करून पुन्हा उघडलेला तो डिफेक्ट यांसह प्रतिज्ञापत्रात चार ओळींत घातली. “सर, त्या वर्षाचे गुण मिळायचे नाहीत,” ती म्हणाली. मी म्हटले, गुणांसाठी नाही. पर्थला किंवा ब्रिस्बेनला तुला कामावर घेणारा माणूस हा कागद वाचील, आणि तो स्वतः टेस्टर असला तर त्याला त्या चार ओळी पुरतील. तिने तारखा जुन्या नोंदीशी ताडून पाहिल्या आणि मग आम्ही नोटरीकडे गेलो.