वाटेवरचा नवा जोड

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, टेनेसीच्या सीमेला लागून, डमॅस्कस नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. ॲपलाचियन ट्रेल ही प्रसिद्ध पायवाट डोंगरातून उतरते आणि गावाच्या मुख्य रस्त्याने, दुकानांच्या समोरून पुढे जाते. जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिन पर्वतापर्यंत १४ राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे. दोन इंच रुंद व सहा इंच उंच असा पांढरा पट्टा ही तिची खूण. रानात तो झाडांवर दिसतो, डमॅस्कसमध्ये खांबांवर. सबंध वाट एका हंगामात चालू पाहणारे बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघतात. डमॅस्कसला पोचेपर्यंत सुमारे ७५० किलोमीटर झालेले असतात, आणि तेवढ्यात बुटांचा पहिला जोड संपतो.

माझी धाकटी कन्या अशा चालणाऱ्यांपैकी एक होती. नोकरीतून सहा महिन्यांची रजा घेऊन ती एकटीच निघाली. हे मला पसंत नव्हते; परंतु मी तसे म्हणण्यापूर्वीच ती वाटेला लागली होती. त्या दिवसांत मी शार्लटला मुलाकडे मुक्कामास होतो. "आण्णा, बूट गेले," एवढेच तिने फोनवर सांगितले. सांगलीत चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवलेल्या माणसाला असे काही ऐकले की एकच मार्ग सुचतो. मी बाजारात जाऊन तिच्या मापाचा जोड घेतला, आणि आलोच आहे तर म्हणून रेनकोट, जाकीट, चार जोड मोजे व एक नवी सॅकही घेतली. भरलेली पेटी घेऊन मी मेच्या आरंभी डमॅस्कसला उतरलो.

हॉस्टेलच्या ओसरीवर तिने पेटी उघडली. एकेक वस्तू हाती घेतली, वाखाणली आणि जागेवर ठेवली. तिच्या सॅकचा खांद्यावरील पट्टा उसवला होता, तो तिने दातांत फिरवायच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घेतला होता. मी तो टाका धंद्याच्या सवयीने ओढून पाहिला. सुबक नव्हता, पण पक्का होता. रेनकोटला काखेत ठिगळ चिकटवले होते. चालण्याच्या काठीवर रुंद चिकटपट्टीचे वेढे गुंडाळून ठेवले होते, लागेल तशी सोडवून घेण्यासाठी.

"हे अजून चालतंय की, आण्णा," ती म्हणाली. "नवं घेतलं तर तेवढंच ओझं."

बुटांची गोष्ट मात्र वेगळी. जुन्या बुटांचे तळ मला बरे वाटले, रबराची नक्षी अजून पुरती पुसली गेली नव्हती. तिने ते माझ्या हातात वाकवून दाखवले. रबर आणि पाऊल यांच्यामध्ये फोमचा जो थर असतो तो आधी मरतो. दाबला की पुन्हा वर येत नाही, त्याला आडव्या सुरकुत्या पडतात, आणि मग दुखणे नडगीत आणि गुडघ्यात चढू लागते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर एवढेच या हलक्या बुटांचे आयुष्य. सबंध वाटेला चार-पाच जोड लागतात.

मी आणलेला जोड तिने पायात घातला. टाच आत गेली आणि अंगठा पुढे अडकला. रोज आठ-दहा तास ओझे घेऊन चालल्याने पाऊल पसरते आणि लांब होते, तळव्याची कमान खाली बसते, हे या वाटेवर सर्वांना ठाऊक आहे. अर्ध्या ते एका मापाचा फरक पडतो. काहींच्या बाबतीत तो कायमचा राहतो. मला ते माहीत नव्हते. ती कॉलेजात होती तेव्हापासूनचे एकच माप माझ्या मनात होते.

म्हणून आम्ही गावातील दुकानात गेलो. तिच्या नव्या मापाचे त्या दिवशी दोनच जोड होते. एक उत्तम चामड्याचा, घोट्याच्या वरपर्यंत येणारा. दुसरा नायलॉनच्या जाळीचा, पुरुषांसाठी बनवलेला, रंगाने भडक केशरी. दुकानदार जाणता होता. पुढे पेनसिल्व्हेनियात दगडधोंड्यांची लांबच लांब वाट आहे. चामड्याचा जोड तेथे टिकेल, दुप्पट चालेल, वेळ पडल्यास तळही बदलून मिळेल, असे त्याने सांगितले. त्याचा एक शब्दही खोटा नव्हता.

आता जे घडले ते लिहिताना संकोच वाटतो. चामडे न वापरण्याचा नियम आमच्या घरी तीन पिढ्यांचा. पट्टा, पाकीट, चप्पल, काहीच नाही. मुलगी सहा वर्षांची असताना मंदिरात तिला हा नियम मीच घ्यायला लावला. आणि त्या दुकानात, तिच्या सोललेल्या टाचा पाहून, मीच तिला म्हणालो, "घे हेच. प्रवासात चालतं."

तिने माझ्याकडे पाहिले आणि केशरी जोडाची नाडी बांधू लागली. काही बोलली नाही. दुकानदाराने पेनसिल्व्हेनियाचा विषय पुन्हा काढला नाही.

अहिंसेच्या खरेदीला या वाटेवर किंमत पडते, हे मला तेथे कळले. तिची स्लीपिंग बॅगही कृत्रिम तंतूंची होती. बदकांच्या वा हंसांच्या मऊ पिसांची बॅग तेवढ्याच उबेला कमी वजनाची असते, लहान गुंडाळते आणि कितीतरी अधिक वर्षे टिकते. कृत्रिम तंतू रोज कोंबून भरल्याने लवकर चपटे होतात आणि ऊब कमी होते. म्हणजे जास्त वजन वाहायचे आणि शिवाय आधी बदलायचे. व्यापारी हिशेबाने हा सौदा तोट्याचाच.

पिसांचा विषय निघाला म्हणून आठवले. आमच्या देवघराशेजारील काचेच्या कपाटात एक जुनी मयूरपिच्छी आहे. आजोबांनी व्रत घेतले तेव्हा मुनिमहाराजांनी ती त्यांना दिली होती. दिगंबर मुनींच्या विहारात बदलण्याजोगे असते तरी काय? पायात काही नाही, अंगावर काही नाही. पिच्छी आणि कमंडलू. त्यांतील पिच्छी चातुर्मासानंतर पिच्छी-परिवर्तनाच्या सोहळ्यात बदलतात. मोराने आपोआप गाळलेल्या पिसांची ती असते. वर्षभराच्या वापराने पिसांची टोके झिजून कडक होतात आणि ज्या सूक्ष्म जीवांना अलगद दूर करायचे त्यांनाच टोचू लागतात, म्हणून नवी घ्यायची. धरणाऱ्या हाताला जुन्या पिच्छीचा काहीच त्रास नसतो. लहानपणापासून हे सोहळे पाहत आलो, पण 'झिजले' म्हणजे नेमके कोणासाठी झिजले, हा प्रश्न मला डमॅस्कसच्या ओसरीवर बसेपर्यंत पडला नव्हता.

हॉस्टेलच्या दाराशी एक मोठे खोके होते. या वाटेवरच्या गावागावांत असे खोके असते. ज्याला जे नको ते त्यात ठेवायचे, ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यायचे. मी आणलेल्या बुटांची पावती माझ्या खिशात होती, शार्लटच्या दुकानात ते परत घेतले गेले असते. सव्वाशे डॉलर काही थोडे नव्हेत. तरी मी तो जोड खोक्यात ठेवला, पेटी हॉस्टेलच्या ताब्यात दिली आणि मुलीबरोबर चार दिवस चाललो.

डमॅस्कस ते मॅसी गॅप हे सुमारे ५० किलोमीटर अंतर. तीन रात्री सॉन्डर्स, लॉस्ट माउंटन आणि थॉमस नॉब या लाकडी निवाऱ्यांत काढल्या. निवारा म्हणजे तीन भिंती, छप्पर आणि चौथी बाजू उघडी. सूर्यास्तापूर्वी जेवण होई, कारण दमलेले सगळेच लवकर आटोपतात; आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही. चढावर माझा श्वास फुलला की मुलगी एमा गेटवुड या आजींची गोष्ट सांगे. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अकरा मुलांची ही आई सबंध वाट एकटी चालून गेली. घरी शिवलेली पिशवी खांद्यावर, पावसासाठी न्हाणीघरातला पडदा, पायात कापडी बूट. वाटेत त्यांचे अनेक जोड फाटले. दर वेळी नवे कापडी बूट घातले आणि चालू लागल्या. मी एकसष्टीचा. गोष्ट ऐकून मुकाट्याने उठत असे.

थॉमस नॉबचा निवारा व्हर्जिनियातील सर्वांत उंच अशा माउंट रॉजर्सच्या अंगावर आहे. तेथे मेमध्येही पाणी गोठते. झोपताना मुलीने पाणी गाळण्याची नळी आपल्या बॅगेत पायाशी ठेवली. तिच्यात पोकळ, केसांसारखे बारीक तंतू असतात. ओली नळी एकदा गोठली की ते तडकतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी पूर्वीसारखेच स्वच्छ दिसते, पण गाळलेले नसते. शंका आली तरी नवी घ्यायची, असा तिचा नियम. आमच्या आईचा छन्नाही असाच होता. उजेडासमोर धरून त्यात एक विरळ जागा दिसली की ती तो लगेच बदली. एरवी लुगड्याला चार ठिगळे लावून नेसणारी बाई.

सकाळी एक रानटी शिंगरू माझ्या सॅकचा पट्टा चाटत उभे होते. झाडोरा वाढू नये म्हणून ही लहान चणीची घोडी १९७० च्या दशकात या माळांवर सोडली गेली. घामाच्या मिठासाठी ती पट्टे चावून खातात. आम्ही त्याला हाकलले, पण टाका उसवलाच. मुलीने दोरा काढला. या वेळी शिवण मी घातली.

मॅसी गॅपला मुलगा गाडी घेऊन आला होता. माउंट रॉजर्स ओलांडेपर्यंत थंडीचे सामान सोडू नये, असा तेथील चालणाऱ्यांचा शिरस्ता आहे. तो पाळून मुलीने स्लीपिंग बॅग आणि जाड जाकीट माझ्या हवाली केले. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्सपूर्वी एका गावच्या पोस्टात तिच्या नावे पाठवायचे होते. पुढच्या जोडाचे मापही तिने सांगितले. मी ते खिशातील वहीत लिहून घेतले आणि तिला वाचून दाखवले. नमस्कार करून ती उत्तरेला वळली. केशरी बूट बराच वेळ दिसत राहिले.

पेटी घेण्यासाठी आम्ही डमॅस्कसवरून परतलो. हॉस्टेलच्या दाराशी खोके तसेच होते. आत तांदळाचे एक पाकीट, थोडी दोरी, एक पातेली. माझा जोड नव्हता. मी पेटी उघडून चार जोड मोजे काढले, थोडा विचार करून रेनकोटही काढला, आणि दोन्ही घडी घालून आत ठेवले.

"आण्णा, काही विसरलं का?" मुलाने गाडीतून विचारले. मी नाही म्हणालो आणि पेटी डिकीत ठेवली.