न सांगितलेले

'मिस्टरी शॉपर' म्हणजे ग्राहकाचे सोंग घेतलेला परीक्षक. दुकाने, उपाहारगृहे, बँका अशी माणसे गुपचूप पाठवून आपल्याच कर्मचाऱ्यांची परीक्षा घेतात. २०१२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये राहत असताना मी हे काम काही महिने केले. स्पॅनिश मी पुण्यात शिकले होते आणि ती मेक्सिकोतील वास्तव्यात घोटली गेली होती. त्यात गव्हाळ वर्ण. त्यामुळे त्या शहरात मला कोणीही मेक्सिकन समजे. एकाच बँकेच्या काही शाखांत मी इंग्रजी बोलणारी ग्राहक म्हणून जात असे, तर काही शाखांत केवळ स्पॅनिश जाणणारी म्हणून. वेष तोच, मिळकत तीच, चौकशीही तीच : खाते उघडायचे आहे.

परत आल्यावर प्रश्नावली भरायची. किती मिनिटे थांबावे लागले? अभिवादन झाले का? माहितीपत्रक दिले का? स्पॅनिशमधील भेटींनंतरही बहुतेक रकान्यांत 'होय' असेच लिहावे लागे. उद्धटपणा मला कोठेही आढळला नाही. उलट स्पॅनिश बोलणाऱ्या मुली मला कटाक्षाने 'उस्तेद' म्हणत. आपल्या आदरार्थी 'तुम्ही'सारखेच हे संबोधन.

फरक होता तो न सांगण्यात. दरमहाचे शुल्क कोणत्या अटींवर माफ होते, हे इंग्रजीत न विचारता सांगितले जाई. स्पॅनिशमध्ये केवळ शुल्काचा आकडा कळे. ओव्हरड्राफ्टचेही तेच. डेबिट कार्डाने खरेदी करताना किंवा एटीएममधून पैसे काढताना शिलकेपेक्षा अधिक रक्कम गेली, तर त्यावर शुल्क लावण्यासाठी ग्राहकाची आगाऊ संमती हवी, असा नियम अमेरिकेत २०१० साली लागू झाला. इंग्रजी बोलणाऱ्या मला सांगण्यात आले, "नको असेल तर नाही म्हणा." स्पॅनिश बोलणाऱ्या मला सांगण्यात आले, "इथे सही करा, तुमच्या संरक्षणासाठी आहे." आता संरक्षणाला कोण नकार देईल?

त्या मुलीला दोष देणे मात्र मला जमले नाही. ती रोखपाल होती. आपली खिडकी सोडून ती माझ्यासाठी आली होती आणि तिथली रांग वाढत होती. बँकेची परिभाषा ती इंग्रजीत शिकली होती, स्पॅनिश आईच्या तोंडून. स्वयंपाकघरातल्या भाषेतून कराराच्या भाषेत तिने पाच मिनिटांत पोहोचावे, अशी बँकेची अपेक्षा होती. परदेशात मुले वाढवणाऱ्या मराठी वाचकांना हे अंतर ठाऊक असेल.

दुसऱ्या एका शाखेत मी वैयक्तिक कर्जाविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "इंग्रजी येणाऱ्या कोणाला तरी घेऊन या." वरकरणी हा साधा सल्ला. परंतु कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार, बोलणी स्पॅनिशमध्ये झाली असतील तर अनेक प्रकारच्या करारांचे भाषांतर सहीपूर्वी द्यावे लागते. ग्राहकाने स्वतःचा सज्ञान, दोन्ही भाषा उत्तम जाणणारा दुभाषा आणला असेल, तर मात्र हे बंधन उरत नाही. म्हणजे भाच्याला सोबत आणणारी मावशी नकळत आपला हक्क दाराबाहेर ठेवून येते!

हे सारे मी 'अन्य शेरा' या दोन ओळींच्या चौकटीत कोंबून पाठवले. उत्तर आले नाही. पुढे जून २०१४ मध्ये सिंक्रोनी बँकेवरील कारवाईची बातमी वाचली. क्रेडिट कार्डाचे थकीत कर्ज अंशतः माफ करण्याची योजना या बँकेने राबवली होती. परंतु पत्रव्यवहार स्पॅनिशमध्ये हवा असे कळवलेल्या, तसेच पोर्टो रिकोचा पत्ता असलेल्या ग्राहकांना ते पात्र असूनही तिच्यातून वगळले होते. सुमारे १ लाख ८ हजार कर्जदारांना १६.९ कोटी डॉलरचा दिलासा देण्याचा आदेश झाला.

त्या कर्जदारांशी कोणी उर्मटपणे बोलले नव्हते. त्यांना फक्त पत्र आले नव्हते. न आलेल्या पत्राची तक्रार कोण करणार? मी दोन्ही भाषांत विचारू शकत होते, म्हणून काय गाळले गेले ते मला दिसले. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंना दुसरी भाषा नव्हती. त्या सही करून, आभार मानून घरी गेल्या असतील.