छाती ३६ म्हणजे नेमकं काय?

मी नाशिकमध्ये राहते आणि माझे बहुतेक कपडे घरीच बेतते, कापते, शिवते. का शिवतेस, असं विचारणारे बहुधा उत्तरही स्वतःच देऊन टाकतात: पैसे वाचत असतील, वेळ जात असेल, हौस असेल. यातलं एकही कारण मला पुरेसं वाटत नाही. इतकी वर्षं शिवून माझी खात्री झाली आहे ती वेगळ्याच गोष्टीची. कपडा बसला नाही की आपण बायका दोष आपल्या अंगाला देतो, आणि तो दोष बहुतेक वेळा कापाचा असतो. ‘दंड फार जाड झालेत’, ‘खांदेच उतरते आहेत’, ‘मला काही शोभतच नाही’ ही वाक्यं मेनरोडवरच्या मॅचिंग सेंटरमध्ये, तयार कपड्यांच्या ट्रायल रूमबाहेर, लग्नाआधीच्या धावपळीत टेलरच्या दुकानात सारखी ऐकू येतात. ‘हा मुंढा चुकीचा कापलाय’ असं मात्र कुणी म्हणत नाही, कारण मुंढा कसा कापतात हेच ठाऊक नसतं. ते ठाऊक होणं हा घरी शिवण्याचा खरा लाभ आहे.

ब्लाऊजचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या कपड्यांत इतका अंगालगत आणि इतका अवघड दुसरा कपडा नाही. शिवणाच्या क्लासमध्ये पहिल्यांदा जी रीत शिकवतात ती छातीच्या मापावर उभी असते. घेराला चारने भागायचं, त्यात सैलपणा आणि माया मिळवायची. गळ्याची रुंदी, मुंढ्याची खोली हीसुद्धा त्याच आकड्याच्या बाराव्या, सहाव्या अशा हिश्शांतून काढायची. रीत वाईट नाही. शिकणाऱ्याला कुठून तरी सुरुवात हवीच. पण छाती ३६ असलेल्या दोन बायका डोळ्यांपुढे आणा. एकीची पाठ रुंद आणि छाती लहान, दुसरीची पाठ अरुंद आणि छाती भरलेली. टेप दोघींनाही ३६ इंचच सांगणार, कारण टेप फक्त घेर मोजतो. तो घेर पुढे किती आणि मागे किती हे तो सांगत नाही. दोघींना एकाच पेपर कटिंगवरून ब्लाऊज शिवला तर पहिलीला पाठीवर आवळेल आणि पुढे फुगेल, दुसरीचे हुक ताणतील आणि पाठीवर चुणी पडेल. दोघी घरी जाऊन आरशापुढे स्वतःलाच नावं ठेवतील. आणि चूक झाली कुठे, तर चारने भागताना.

तयार कपड्यांच्या मापांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये जवळपास १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. बायकांच्या तयार कपड्यांचे साइझ ठरवण्यासाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर केलेला तो पहिला शास्त्रीय प्रयत्न, आणि तरीही त्यात हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. त्याच्या आधारे १९५८ साली तिथे प्रमाण मापं जाहीर झाली आणि १९८३ मध्ये ती मागे घेतली गेली. तोवर उत्पादक आपापल्या सोयीने आकडे ठरवू लागले होते. आपल्या दुकानांतले स्मॉल, मीडियम, लार्ज हे परदेशी कोष्टकांचेच वंशज. भारतीय अंगांचं स्वतंत्र कोष्टक व्हावं म्हणून निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला, त्यात सहा शहरांतल्या २५,००० माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचं ठरलं. असं कोष्टक हवंच. तरी सगळ्यात चांगलं कोष्टकसुद्धा सरासरीच सांगतं, आणि सरासरी बाई कुठल्याच घरात राहत नाही. त्यामुळे मीडियममध्ये न मावणं हे आपलं काहीतरी चुकल्याचं लक्षण मानायचं मी कधीच सोडून दिलं आहे.

मापाहून मोठा प्रश्न हालचालीचा. माप घेताना आपण हात खाली सोडून, ताठ, श्वास रोखून उभ्या असतो. दिवसभर तसं कोण उभं राहतं? नाशिकमध्ये सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत बायका स्कूटर चालवतात. हात पुढे गेले की पाठीची रुंदी वाढते आणि ब्लाऊज असो की कुडता, मागे मुंढ्यापाशी करकचतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत घडांची विरळणी करणाऱ्या बायका मांडवाखाली तासन्‌तास हात डोक्याच्या वर धरून असतात. त्या ब्लाऊजवरून पुरुषांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात तो ऊन, पानांची खाज आणि फवारणी यांच्यापासून अंग झाकायला. पण हात वर करून करायच्या कामाचा कपडा म्हणून त्यांच्यासाठी कुणी काही बेतलेलंच नाही, हेही त्या शर्टातून दिसतं. इथे शिवणातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पहिल्यांदा उलटी वाटते. काखेत आवळलं की आपण टेलरला म्हणतो, मुंढा खोल करा. खोल केलेला मुंढा उभं असताना मोकळा वाटतो खरा, पण हात वर करताच सगळा ब्लाऊज वर ओढला जातो, कारण बाही आता काखेपासून दूर, बरगड्यांपाशी जोडलेली असते. मुंढा काखेच्या जवळ, वर ठेवला आणि बाहीचा वरचा गोलवा थोडा बुटका व पसरट कापला, तर हात सुटा हलतो. जुन्या सदऱ्यांच्या काखेत चौकोनी तुकडा बसवत तो याचसाठी. म्हणजे जाड दंडांमुळे अडतंय असं जिथे वाटतं, तिथे कितीदा तरी बाहीचा गोलवा उंच आणि मुंढा खोल एवढंच घडलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं कुशल शिंप्याला कळतं, मग त्याच्याकडेच जावं. उत्तम शिंप्याला कळतं, यात शंका नाही. त्याच्या हातातली सफाई माझ्या हातात नाही आणि येणारही नाही. पण फिटिंगला लागतो तो वेळ त्याच्याकडे नसतो. काही शे रुपयांच्या शिलाईत दोनदा घालून बघणं, उसवणं, पुन्हा शिवणं त्याला परवडत नाही, आणि आपणही त्याला त्याचे पैसे देत नाही. शिवाय कुठे टोचतं, कुठे ओढतं हे फक्त घालणारीलाच जाणवतं. परक्या माणसाने माप घेताना संकोचणाऱ्या बाईला तर ते बोलताही येत नाही. ती जुना ब्लाऊज मापाला देते आणि जुनी चूक नव्या कापडात जशीच्या तशी उतरते. घरी शिवणाऱ्यांमुळे शिंप्यांचं काम जातं, हा आक्षेपही मी ऐकते. शिंप्यांचं काम नेलं ते तयार कपड्यांनी. त्यांना आधाराची गरज आहे हे खरंच; केंद्र सरकारच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत ज्या १८ पारंपरिक व्यवसायांना आधार द्यायचं ठरलं, त्यांत शिंपीकाम आहे. शिवण येणारी बाई मात्र शिंप्याची चांगली गिऱ्हाईक होते: काय हवं ते नेमकं सांगते, आणि चांगल्या कामाचे दाम का द्यायचे हे तिला कळतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. बाईच्या डोक्यावर आधीच घर आहे, त्यात आता मशीनही द्यायचं का? मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी करणाऱ्या शाळा फार जुन्या नाहीत. शिवण गृहकृत्यदक्षतेची परीक्षा म्हणून लादलं गेलं तर मीही त्याला विरोधच करीन. पण याच कामाचा आपल्याकडचा दुसरा इतिहासही आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात शिवण शिकवलं जाई ते बाईला स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. आणि मी ज्याची बाजू घेते आहे ते घरभराचे कपडे शिवणं नव्हे. स्वतःच्या अंगापुरतं, वर्षातून चार-दोन कपड्यांपुरतं शिवणं आहे. ते पुरुषांनीही करावं. एक खांदा खाली असलेल्या पुरुषाचा तयार शर्ट जन्मभर एका बाजूला झुकलेला असतो, आणि तेवढं सुधारायला एक शिवण उसवावी लागते.

पैशांबाबत मात्र मी खोटा भरवसा देणार नाही. कापड, अस्तर, दोरा, मशीनची देखभाल आणि आपले तास धरले तर तयार कुडता बहुधा स्वस्तच पडतो.

राहिली ती व्यवहारातली खरी अडचण: स्वतःच्या पाठीवर स्वतः टाचण्या कशा लावणार? यावर सगळ्यात चांगला उपाय दुसरी बाई, आणि ती नसेल तर मोबाइलचा टायमर लावून मागून काढलेले फोटो. पण त्याआधी मांजरपाट. चांगल्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा नमुना कापून, कच्च्या टाक्याने जोडून अंगावर चढवावा. मग सुरकुत्या वाचायच्या. ताणलेल्या आडव्या रेघा पडल्या तर त्या उंचीवर कापड कमी आहे. उभ्या सैल घड्या पडल्या तर रुंदी जास्त आहे. तिरक्या ओढीच्या रेघा ज्या जागेकडे बोट दाखवतात तिथे जागा हवी आहे. टक्सचं टोक छातीच्या उंचवट्यापर्यंत न नेता साधारण इंचभर आधी थांबवावं, नाहीतर तिथे चोच निघते. सुती कापड आणि अस्तर दोन्ही आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. अस्तर धुण्यात जास्त आटलं की उत्तम बसलेला ब्लाऊजही गोळा होतो, आणि तेव्हाही आपण म्हणतो की अंग सुटलं.

अंग बदलतंच. बाळंतपणानंतर बदलतं, पाळी जाताना बदलतं, साठीनंतर खांदे पुढे येतात आणि पाठ लांब, छाती आखूड होते. खांदा आखडलेल्या बाईला मागच्या हुकांचा ब्लाऊज घालता येत नाही; स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाजूला पॅडसाठी आतून कप्पा हवा असतो, काखेतल्या व्रणावर शिवण येऊन चालत नाही. या बायकांसाठी दुकानात फार थोडं मिळतं, आणि विचारायची लाज वाटते म्हणून कितीतरी जणी ढगळ गाऊनमध्ये दिवस काढतात. पुढे उघडणारा, रुंद मुंढपट्टीचा, शिवण व्रणापासून दोन बोटं सरकवलेला ब्लाऊज कापणं अवघड नाही. फक्त तो त्या एका बाईसाठी कापावा लागतो. आपले शिंपी ब्लाऊजच्या बाजूला आत माया ठेवून शिलाईच्या दोन-तीन रेघा मारतात, म्हणजे पुढे एकेक रेघ उसवता येते. ही रीत फार शहाणपणाची आहे, पण बाजूची माया घेर वाढवते, पाठीची रुंदी नाही. म्हणून मी पुढच्या हुकांच्या ब्लाऊजला पाठीच्या मध्यावरही एक उभी शिवण घेते आणि तिच्या आत दोन्हीकडे पाऊण इंच माया सोडते.